आधी पाणी, मग बंब: मुंबईच्या फायर ब्रिगेडबद्दल विचारलंत म्हणून

प्रश्न असा होता की मुंबईचं फायर ब्रिगेड नक्की कधी सुरू झालं, त्याआधी लोक आग कशी विझवायचे, गाड्या आणि सामान कसं बदलत गेलं, आणि आता ९० मीटरची शिडी असताना टॉवरला आग लागली की तरीही एवढी धावपळ का होते. मी ३१ वर्षं या कामात काढली, फायरमन म्हणून लागलो आणि ऑफिसर म्हणून रिटायर झालो, त्यामुळे जरा लांबण लागेल पण नीट सांगतो.

पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यात घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. लोक बंबाचा इतिहास म्हणजे गाड्यांचा इतिहास समजतात, कुठलं इंजिन, किती हॉर्सपॉवर, किती लांब शिडी. आमच्या बाजूने बघितलं तर तो पाण्याचा इतिहास आहे. पाणी कुठून आणायचं, ते किती जोरात ढकलायचं आणि किती वर न्यायचं, एवढे तीनच प्रश्न २०० वर्षं चालू आहेत. शहर दर वेळी एक मजला वर जातं आणि ब्रिगेड त्याच्या मागे शिडी घेऊन धावतं. "बंब" हा शब्दसुद्धा पंपावरूनच आलाय, पोर्तुगीज लोक पंपाला बोंबा म्हणतात, तोच आपल्याकडे बंब झाला. आंघोळीच्या पाण्याचा बंब आणि आगीचा बंब, नाव एकच.

आता सुरुवातीपासून. १७ फेब्रुवारी १८०३ ला फोर्टात मोठी आग लागली. तेव्हाचं फोर्ट म्हणजे खरोखरचा किल्ला, भोवती तटबंदी, आत दाटीवाटीने घरं, दुकानं, गोदामं, बरीचशी लाकडी, गल्ल्या चिंचोळ्या. जोनाथन डंकन गव्हर्नर होता. आगीने किल्ल्याच्या उत्तरेकडचा बाजारभाग खाऊन टाकला. विझवायला काय होतं तर विहिरी, तलाव आणि माणसांच्या रांगा. शेवटी आग दारूगोळ्याच्या बाजूला सरकायला लागली तेव्हा तोफा लावून मधली घरं पाडावी लागली. ऐकायला विचित्र वाटतं, पण पाणी नसेल तर आगीपुढचं जळण काढून घेणं हा एकच उपाय उरतो, जंगलातल्या आगीला आजही तेच करतात. त्या आगीनंतर लोकांना तटाबाहेर जागा मिळाल्या आणि काळबादेवी, मांडवी या बाजूची वस्ती वाढत गेली. काळबादेवीचं नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

मग १८५५ ला पोलिसांकडे हे काम आलं. पूर्ण वेळचं दल नव्हतं, पोलिसांनी बाकीची कामं सांभाळून आगीला पण जायचं, घोड्याच्या गाडीवर पंप ठेवलेला असायचा. १८६४ ला पोलिस कमिशनरचं पद झालं, फ्रँक साउटर पहिला कमिशनर, आणि ब्रिगेड त्या कमिशनरच्या ताब्यात. त्या काळचा पंप म्हणजे हातपंप. दोन्ही बाजूंना लांब आडवे दांडे, दोन्हीकडे माणसं उभी, एका बाजूने दांडा खाली दाबला की दुसरा वर. सी-सॉ असतो ना तसा. मोठ्या पंपाला २०-२५ माणसं लागायची आणि पाच-दहा मिनिटांत ती गळून जायची, मग दुसरी फळी. म्हणजे आग विझवणं हे किती माणसं जमली यावर अवलंबून, त्यात बघ्यांना पण कामाला लावायचे.

आणि पाणी? इथे खरी गंमत आहे, म्हणजे मला तरी ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते आणि कोणी सांगत नाही. १८६० ला विहारचं पाणी नळातून शहरात आलं, त्याच्या आधी मुंबईत नळाचं पाणी नव्हतंच. पुढे १८७९ ला तुळशी, १८९२ ला तानसा. सगळे म्हणतात प्यायच्या पाण्याची सोय झाली, रोगराई कमी झाली, बरोबर आहे. पण रस्त्याखाली प्रेशरचं पाणी आलं म्हणजेच हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी घ्यायचा नळ, शक्य झाला. त्याआधी विहिरीत किंवा तलावात सक्शनचा पाइप टाकून पाणी ओढायचं. सक्शनने पाणी ओढायला निसर्गानेच मर्यादा घातलेली आहे, हवेच्या दाबाने पाणी वर चढतं आणि तो दाब कागदावर साधारण १० मीटरपर्यंतच चढवतो, प्रत्यक्षात ७-८ मीटर गेलं की पंप हवा खायला लागतो. उन्हाळ्यात विहीर खाली गेली की जगातला कुठलाही पंप वर ठेवा, पाणी येणार नाही. त्यामुळे मी नेहमी म्हणतो की मुंबईच्या बंबाचा जन्म भायखळ्याला, आमच्या हेडक्वार्टरला, नाही झाला, विहारच्या पाइपात झाला.

आता भायखळा. १ एप्रिल १८८७ ला म्युनिसिपालिटीचं स्वतंत्र फायर ब्रिगेड उभं राहिलं, १८८८ च्या म्युनिसिपल कायद्याने ती जबाबदारी पक्की झाली, आणि १८९० ला लंडन फायर ब्रिगेडमधून डब्ल्यू. निकोल्स यांना चीफ म्हणून आणलं. हा फरक नावापुरता नव्हता. पोलिसाला आग हे जास्तीचं काम होतं. फायरमनला दुसरं कामच नाही, तो स्टेशनमध्येच राहतो, तिथेच झोपतो, वर्दी आली की निघतो. वर्दी म्हणजे बाहेरच्या लोकांना युनिफॉर्म वाटतो, आमच्याकडे वर्दी म्हणजे आगीची खबर. "वर्दी किती वाजता आली" हा आमच्या प्रत्येक रिपोर्टातला पहिला प्रश्न. पुढे रस्त्यांच्या कोपऱ्यांवर फायर अलार्मचे खांब पण आले, काच फोडून आतलं हँडल ओढलं की स्टेशनला कळायचं कुठल्या खांबावरून वर्दी आहे. टेलिफोन घरोघरी नव्हते त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती.

त्या काळची गाडी म्हणजे वाफेचा पंप आणि पुढे घोडे. लोकांना वाटतं वाफेवर गाडी चालायची, तसं नाही, गाडी घोडेच ओढायचे, वाफ फक्त पंप चालवायला. स्टेशनमधून निघतानाच बॉयलरखाली जाळ करायचा, रस्त्यात धावताधावता वाफ धरायची, म्हणजे आगीवर पोचेपर्यंत पाच-दहा मिनिटांत पंप तयार. पितळेचा चकचकीत बॉयलर, धूर, घंटा, पळणारे घोडे, लोक बघायला घराबाहेर यायचे त्यात नवल नाही. पण कामाच्या दृष्टीने फायदा हा की २५ माणसांचं काम आता एक बॉयलर करत होता, आणि तो दमत नव्हता. कापसाची गोदामं आणि गिरण्या ज्या शहरात आहेत तिथे हे लागणारच होतं. कापसाच्या गाठीला लागलेली आग वरून विझली असं दिसतं आणि आत दोन-दोन दिवस धुमसत राहते, गाठ फोडून उलगडून भिजवावी लागते, त्याला तासन्‌तास पाणी पाहिजे. हातपंपावर माणसं मेली असती.

जुलै १९०७ ला पहिली मोटार फायर इंजिन आली आणि १९२० पर्यंत घोडे गेले. मधली १३ वर्षं दोन्ही एकत्र होतं. मोटारीचं मोठेपण वेगात आहेच, पण त्याहून जास्त यात आहे की जे इंजिन गाडी पळवतं तेच इंजिन उभं राहून पंप चालवतं. ड्रायव्हरच पंप ऑपरेटर. गाडी लावली, गिअर पंपाला टाकला, सुरू. आजही तसंच आहे, चेसिस बदलली, पंप बदलला, पद्धत तीच. म्हणून ब्रिगेडमध्ये ड्रायव्हरला नुसता ड्रायव्हर समजू नका. आत धुरात असलेल्या माणसाचं पाणी त्याच्या हातात असतं, त्याने प्रेशर एकदम वाढवलं तर आतला माणूस ब्रँचसकट, म्हणजे पाणी मारायच्या टोकाच्या नळीसकट, मागे फेकला जातो, आणि पाणी तुटलं तर आगीसमोर उघडा पडतो.

इथे जरा थांबून होजबद्दल, म्हणजे बंबाच्या लवचिक पाइपाबद्दल सांगतो, कारण सगळे गाडीकडे बघतात आणि होजकडे कोणी बघत नाही. आमचा नेहमीचा डिलिव्हरी होज ६३ मिलिमीटरचा, एक लांबी बहुतेक १५ मीटरची. रिकामा असतो तेव्हा गुंडाळी काखेत मारून पळता येतं. त्यात पाणी भरलं की नुसतं पाण्याचंच वजन ४५ किलोच्या पुढे जातं, हिशोब करून बघा. जिन्यावरून तिसऱ्या मजल्यावर न्यायचं तर तीन-चार लांब्या लागतात, वळणावर होज दुमडला की पाणी बंद, म्हणून प्रत्येक वळणावर एक माणूस फक्त होज सरकवायला उभा पाहिजे. ट्रेनिंगमध्ये मला पहिल्यांदा ब्रँच हातात दिली तेव्हा आमचे लीडिंग फायरमन काका माझ्या मागे पाठीला खांदा लावून उभे राहिले आणि म्हणाले, "पाय रोव, हातांनी धरू नको, अंगाने धर." पाणी आलं तसा होज जिवंत झाल्यासारखा उसळला. हातांनी धरला असता तर सुटलाच असता, आणि सुटलेली ब्रँच माणसाचं डोकं फोडते. त्या दिवसापासून मला कळलं की ब्रँचवर दोन माणसं का लागतात. पुढचा आग बघतो आणि मागचा पुढच्याला धरतो.

होज आधी चामड्याचे असायचे, मग कॅनव्हासचे, आता सिंथेटिक आणि आतून रबर. कपलिंग, म्हणजे दोन लांब्या जोडायची कडी, आधी आट्यांची, फिरवत बसायची, आता दाबलं की खट्टकन बसतं. खट्ट आवाज आला नाही तर परत काढून लाव हे आम्हाला रात्रीसुद्धा झोपेत येतं.

आता १४ एप्रिल १९४४. हे नीट सांगायला पाहिजे.

फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज व्हिक्टोरिया डॉकमध्ये १ नंबरच्या धक्क्याला होतं. फेब्रुवारीत इंग्लंडहून निघालेलं, कराचीला काही माल उतरवून तिथे हजारो गाठी कापूस आणि तेलाची पिंपं चढवलेली. आणि त्याच जहाजात साधारण १४०० टन स्फोटकं. कापूस आणि दारूगोळा एकत्र, युद्धाच्या घाईत. दुपारी २ च्या आसपास २ नंबरच्या होल्डमधून, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या माल ठेवायच्या कप्प्यातून, धूर दिसला. ब्रिगेडच्या गाड्या आल्या, होज टाकले, पाणी मारायला सुरुवात. ९०० टनांपेक्षा जास्त पाणी त्या जहाजात ओतलं गेलं तरी आगीचं मूळ सापडलं नाही, धूर एवढा होता. जहाजाभोवतीचं पाणी उकळायला लागलं होतं. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवलं, कारण आपण पाणी मारतोय आणि पोलाद त्या पाण्याला उकळवतंय म्हणजे आत काय तापमान असेल हे ज्याने ब्रँच धरलीय त्यालाच कळतं. शिवाय होल्डमध्ये पाणी भरत गेलं की जळता कापूस त्यावर तरंगत वर येतो आणि वरच्या डेकला जाऊन टेकतो, आणि स्फोटकं तिथेच. म्हणजे जे करायला शिकवलंय तेच करत असताना धोका वर चढत होता.

३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडायचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट. अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा. १७०० किलोमीटरवर सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद झाली. आसपासची ११ जहाजं बुडाली किंवा बुडाल्यात जमा, जळता कापूस उडून मांडवी, मशीद बंदरच्या बाजूला पडला आणि ठिकठिकाणी नव्या आगी, ८०,००० लोक बेघर, मेलेल्यांचा आकडा ८०० ते १३०० असा वेगवेगळा सांगतात. तीन दिवस लागले आग आटोक्यात यायला, आणि ढिगारा उपसायला ८००० माणसं सात महिने राबली.

आमची ६६ माणसं गेली. धक्क्यावर, होज हातात असताना. सोन्याच्या विटांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, जहाजात सोनं होतं आणि ते उडून लोकांच्या घरात पडलं, डॉकचा गाळ काढताना कितीतरी वर्षांनी पण सापडलं, ते खरंय. पण कोणालाही ६६ चा आकडा विचारा, सांगता येत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. देशभर १४ ते २० एप्रिल जो फायर सर्व्हिस वीक पाळतात तो या माणसांसाठी आहे, शाळेत येऊन डेमो दाखवतात तो आठवडा.

कामाच्या दृष्टीने १९४४ ने एक गोष्ट शिकवली ती म्हणजे आगीवर पोचल्यावर पहिला प्रश्न "पाणी कुठे" हा नाही, "आत काय आहे" हा आहे. आज केमिकलच्या टँकरवर मागे जो चौकोनी बोर्ड असतो, नंबर आणि अक्षरं असलेला, तो आम्ही लांबून दुर्बिणीने वाचतो आणि मग ठरवतो जवळ जायचं का, पाणी मारायचं का फोम. काही केमिकलना पाणी लागलं की ती जास्त पेटतात. गोदामाला आग लागली की आम्ही मालकाला शोधतो, लोकांना वाटतं पकडायला शोधतायत, नाही हो, आत काय ठेवलंय ते विचारायला शोधतोय.

स्वातंत्र्यानंतर १९४८ ला एम. जी. प्रधान हे पहिले भारतीय चीफ झाले. १९५६ ला नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेज सुरू झालं, पुढे ते नागपूरला गेलं, तिथून देशभरचे ऑफिसर तयार व्हायला लागले. पंप वाढले, टँकर वाढले, वायरलेस आली, १०१ नंबर झाला. ही वर्षं मी भराभर सांगतोय कारण यात मोठा बदल गाड्यांचा नाही, श्वासाचा आहे.

जुने लोक धुरात कसे जायचे? ओलं फडकं तोंडाला, जमिनीलगत सरपटत, कारण खाली थोडी हवा असते. फडक्याने काजळी अडते, कार्बन मोनॉक्साइड नाही अडत, आणि मारतो तो कार्बन मोनॉक्साइडच. म्हणून बीए सेट आला, ब्रीदिंग अपरेटस, पाठीवर कॉम्प्रेस्ड हवेचं सिलिंडर. (ऑक्सिजन नसतो हो त्यात, साधी हवाच असते, प्रत्येक जण ऑक्सिजन म्हणतो.) ६ लिटरचं सिलिंडर ३०० बारला भरलं (बार हे दाबाचं माप) की १८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरलं तर ४५ मिनिटं, पण हे पुस्तकात. होज ओढत जिना चढणारा माणूस ६० लिटर सहज ओढतो, म्हणजे अर्धा तास. त्यातही ५० बारच्या आसपास शिट्टी वाजायला लागते, म्हणजे आता जे काही हातात आहे ते सोड आणि बाहेर निघ. आणि परतीला लागणारी हवा पण त्याच सिलिंडरमधली, हे विसरून चालत नाही.

एकदा एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही दोघे होतो, हातभर पुढचं दिसत नव्हतं, होजला हात लावून आत गेलेलो. माझ्या जोडीदाराची शिट्टी वाजली. त्याच क्षणी मला पलंगाखालून खोकल्याचा आवाज आला. एका माणसाची शिट्टी वाजली की दोघांनी निघायचं हा नियम, जोडी तोडायची नाही. आम्ही पलंग उलटला, बाईंना ओढून काढलं आणि होज धरूनच उलटे बाहेर आलो, जिन्याच्या तोंडाशी पोचलो तेव्हा जोडीदाराचा मास्क तोंडाला चिकटायला लागला होता, म्हणजे हवा संपली. बाई वाचल्या. ऑफिसरनी आधी पाठ थोपटली आणि मग दोघांनाही भरपूर झापलं, आणि दोन्ही बरोबर होतं. होज हा नुसता पाण्याचा पाइप नाही, परतीचा रस्ता आहे हे त्या दिवशी अंगात मुरलं.

आता शिड्या. आधी लाकडी हूक शिड्या, मग सरकत्या, मग टर्नटेबल लॅडर, म्हणजे गाडीवर फिरता तळ आणि त्यावर शिडी. मग हायड्रॉलिक प्लॅटफॉर्म, पिंजऱ्यात उभं राहून वर जायचं. मुंबईकडे २०१५ पासून ९० मीटरचा फिनलंडचा ब्राँटो स्कायलिफ्ट आहे. या शिड्यांचं सगळ्यात मोठं काम लोकांनी टीव्हीवर बघितलंय पण ओळखलं नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ताजच्या खिडक्यांतून पहिल्या रात्रीतच साधारण २०० माणसं शिड्यांवरून खाली काढली गेली. आत गोळीबार चालू, वर आग, आणि फायरमनच्या अंगात बुलेटप्रूफ नाही, साधा युनिफॉर्म आणि हेल्मेट. शिडीवर उभा माणूस लपू शकत नाही हे समजून घ्या. २२ जुलै २०१९ ला बांद्र्याच्या एमटीएनएल बिल्डिंगला आग लागली तेव्हाही गच्चीवर अडकलेली ८० च्या वर माणसं शिड्यांनीच उतरवली. त्याच आगीत रोबो पण वापरला, चेनवर चालणारा, जिथे माणूस पाठवता येत नाही तिथे पाणी मारणारा. रोबो चांगला आहे, मी त्याच्या बाजूचा आहे, पण पलंगाखालचा खोकला अजून त्याला ऐकू येत नाही.

काळबादेवीचं नाव लक्षात ठेवा म्हणालो होतो. ९ मे २०१५, गोकुळ निवास. लाकडी खांब-तुळयांची जुनी इमारत, चिंचोळी गल्ली. आग चालू असताना इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई यांचा तिथेच जीव गेला, डेप्युटी चीफ सुधीर अमीन आणि चीफ सुनील नेसरीकर भाजले आणि पुढच्या साधारण दोन आठवड्यांत हॉस्पिटलमध्ये वारले. दलाचा चीफ स्वतः आगीवर आत होता, यावरून काय ते समजा. १८०३ च्या आगीनंतर जी वस्ती तटाबाहेर वाढली, त्याच वस्तीतल्या लाकडाने २१२ वर्षांनी चार ऑफिसर घेतले. सागवानी तुळई बाहेरून जळते आणि आतून बराच वेळ टिकते, म्हणून वाटतं अजून वेळ आहे, पण जुन्या बिल्डिंगमध्ये तुळईचं टोक भिंतीत जिथे घुसलेलं असतं तिथे ते आधीच कुजलेलं असतं, वरून पाणी पिऊन चुन्याच्या भिंती जड झालेल्या असतात, आणि मग सगळं एकदम येतं. तिथे ९० मीटरची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहते, आत शिरतच नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, टॉवर. ९० मीटर म्हणजे मजला ३ मीटरचा धरला तर कागदावर ३० मजले. प्रत्यक्षात गाडीला दोन्ही बाजूंना पाय पसरून उभं राहायला सपाट, भक्कम जागा लागते, खाली टाकी किंवा बेसमेंटचा स्लॅब असेल तर तो वजन घेणारा हवा. बिल्डिंगला पुढे पाच-सहा मजल्यांचं पार्किंगचं पोडियम असेल तर शिडी आधी ते ओलांडणार, मग वर जाणार, आडवं जितकं जाल तितकी उंची कमी. रस्त्यावर डबल पार्किंग, वर वायरी, झाडं. आणि मुंबईत ५०-६० मजले उभे आहेत. तिथे कुठल्याही देशाची शिडी पोचत नाही.

म्हणून उंच बिल्डिंगला बंब खालून येत नाही, तो बिल्डिंगच्या आतच बसवलेला असायला लागतो. वर जाणारा मोठा पाइप म्हणजे रायझर, प्रत्येक मजल्यावर हायड्रंट, गच्चीवर आणि खाली टाकी, पंप, स्प्रिंकलर, धूर न शिरणारा जिना, ठरावीक मजल्यांवर रेफ्यूज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी लोकांनी थांबायची सुरक्षित जागा. महाराष्ट्राचा २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा ही जबाबदारी मालकावर किंवा वापरणाऱ्यावर, म्हणजे तुमच्या सोसायटीवर टाकतो, आणि वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, लायसन्स असलेल्या एजन्सीकडून सगळं चालू आहे असा फॉर्म बी द्यावा लागतो. पाणी वर चढवायचा हिशोब पण साधा आहे, दर १० मीटरला एक बार. ९० मीटरला नुसतं पोचायलाच ९ बार, वर ब्रँचला मारायला तीन-चार, पाइपात घासून जातं ते वेगळं. त्यामुळे आमची गाडी बिल्डिंगखाली आली की आम्ही शिडी काढत नाही, आधी गेटजवळचा लाल रंगाचा इनलेट शोधतो, जिथे आमचा होज लावून बिल्डिंगच्या रायझरमध्ये पाणी देता येतं.

तिथे काय होतं ते सांगतो. मी इनलेटवर कपलिंग दाबतो, खट्ट आवाज येतो, ऑपरेटरला हात वर करतो. होज फुगतो आणि पाइपात पाणी चढायला लागतं, हात लावला तर पाइप थरथरतो, आतली हवा वर ढकलली जाते त्याचा शूऽऽ असा आवाज येतो. आमची दोन माणसं बीए सेट आणि होजच्या गुंडाळ्या घेऊन जिन्याने आधीच वर निघालेली असतात, आगीच्या एक मजला खाली थांबून तिथला हायड्रंट उघडणार. सगळं ठीक असेल तर दोन-तीन मिनिटांत वायरलेसवर आवाज येतो, "पाणी आलं." आणि मधल्या एखाद्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह कोणी पितळेसाठी काढून नेला असेल, तर वायरलेसच्या आधी जिन्यातूनच पाणी उतरताना दिसतं, एकेक पायरी करत, आणि वरची दोघं कोरडी ब्रँच धरून उभी असतात.